सुईदोरा : उडते हंस आणि पाव इंच

गेल्या हिवाळ्यांत आमच्या हातून जी चूक घडली, ती वाचकभगिनींस सांगितल्यावांचून राहवत नाहीं. सासूबाईंच्या इरकली लुगड्याचा शेवटचा तुकडा घरांत होता. पुतण्याच्या तान्ह्या मुलासाठीं गोधडी करावी, व तीवर अमेरिकन गोधड्यांवरील ‘उडते हंस’ ही नक्षी त्या कापडाची असावी, असें आम्ही ठरविलें. अंदाजानें कात्री चालविली. चार हंस झाले. त्यांतील तिघांच्या चोंची शिवणींत गेल्या, आणि कापड संपलें! सासूबाई रागावल्या नाहींत. “कापड जुनें होतें, पण माप तरी नवें घ्यायचेंस ना, अगं!” एवढेंच म्हणाल्या.

ही नक्षी अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकापासून रूढ आहे. मधला मोठा त्रिकोण हा हंस; दोन बाजूंचे लहान त्रिकोण हें आकाश. तिन्ही मिळून होणाऱ्या चौकोनाची रुंदी उंचीच्या दुप्पट असते. चारी कडांना शिवणीसाठीं पाव इंच माया ठेवावी लागते. म्हणून तीन इंच उंच व सहा इंच रुंद दिसावयाचा हंस जोडण्यापूर्वीं साडेतीन व साडेसहा इंच भरला पाहिजे. चोंचीच्या वर हा पाव इंच उरला नाहीं, कीं चोंच कापली जाते. शिवाय बारा हंसांच्या रांगेंत प्रत्येकीं अर्धें सूत चुकलें, तरी अखेरीस पाऊण इंचाचा फरक पडतो.

सोपी रीत अशी : साडेतीन व साडेसहाच्या आयतावर एका टोकास साडेतीन इंचांचा चौरस सुलट बाजूस सुलट ठेवून कर्णावर शिवावें, बाहेरचा कोपरा कापून तुकडा उलटावा, आणि मग दुसऱ्या टोकास तसेंच करावें. उरेब कड मोकळी राहत नसल्यानें कापड ताणत नाहीं. परंतु कापलेले कोपरे वायां जातात.

दुसऱ्या रीतींत चार हंस एकदम होतात. हंसासाठीं सव्वासात इंचांचा एक चौरस व आकाशासाठीं ३ इंच ७ सुतांचे चार चौरस घ्यावे. लहान चौरसांच्या उलट बाजूस कर्णरेषा आंखावी. त्यांतील दोन मोठ्या चौरसाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत असे ठेवावे, कीं दोन्ही रेषा एकींत एक मिळतील. रेषेच्या दोन्ही अंगांस पाव इंचावर शिवावें, रेषेवर कापावें व इस्त्री करावी. दोन भाग होतात. प्रत्येकाच्या उरलेल्या मोठ्या कोपऱ्यांत एकेक चौरस ठेवून तीच क्रिया पुन्हां करावी.

आतां हिशेब पाहा. चार हंसांस पहिल्या रीतीनें १८९ चौरस इंच कापड लागतें. दुसरीनें ११३ हूनही किंचित् कमी. आठवणीच्या कापडास दुसरी रीतच योग्य, हें आम्हांस उशिरां उमगलें.

जपानच्या ओल्फा कंपनीनें १९७९ सालीं फिरत्या पात्याची सुरी काढली, तेव्हांपासून तीजोगत्या पारदर्शक पट्ट्यांचा प्रसार झाला. हंसांसाठीं खास पट्टी मिळते. परंतु ती घरींही करतां येते. जुन्या एक्स-रे फिल्मचा साडेतीन व साडेसहा इंचांचा तुकडा कापावा. वरच्या लांब कडेखालीं पाव इंचावर मध्यबिंदु घेऊन तेथून खालच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत शाईनें रेषा ओढाव्या. त्या रेषा शिवणींवर बसल्या, म्हणजे हंस बरोबर. ही पट्टी वापरावयाची असल्यास मोठा चौरस साडेसात व लहान चार इंचांचे घ्यावे, आणि शिवल्यावर जादा कडा पट्टीप्रमाणें छाटाव्या.

आमच्या गोधडीवर तीन हंस बिनचोंचीचे राहिले, व बाळ त्यांवरच निजतें. परंतु भगिनींनीं आधीं जुन्या चादरीच्या कापडावर चार हंस शिवावे, मोजावे, आणि मगच जपून ठेवलेल्या लुगड्यास कात्री लावावी.