नवी आवृत्ती घ्यावी, पण पट्टा पडल्यावर



उसाची नोंद, तोडणीचा क्रम, काट्यावरचं वजन आणि शेवटी ऊसबिल, हे सारे आता संगणकाच्या पोटात आहे. ही माहिती ज्यात साठते त्याला डेटाबेस म्हणतात. आपल्या ऊस विभागाचा डेटाबेस 'पोस्टग्रेस' नावाचा आहे. त्याची १८ वी आवृत्ती २५ सप्टेंबर २०२५ रोजी निघाली. ती घ्यावी की नको, अशी चर्चा कार्यस्थळावर चालू आहे. 'सिस्टीम बंद आहे, उद्या या' हे ज्यांनी खिडकीवर ऐकले आहे, त्या सर्वांचा हा विषय आहे. म्हणून आम्ही लिहीत आहोत.

पोस्टग्रेसचे काम १९८६ साली अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथे सुरू झाले. आज तो कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. देशोदेशीचे जाणकार मिळून तो वाढवतात आणि वापरायला परवान्याची फी पडत नाही. सहकारात वाढलेल्या आपल्याला ही रीत परकी वाटू नये.

आता नवे काय, ते पाहू. गव्हाणीवर एक गाडी रिकामी झाल्यावरच दुसरीला हाक मारायची ठरवली, तर गाळप रखडेल. जुनी आवृत्ती डिस्कवरून माहिती बरीचशी अशीच वाचत होती. नवी आवृत्ती पुढच्या अनेक गाड्यांना आधीच हाक मारून ठेवते. त्यामुळे काही प्रकारचे वाचन तिपटीपर्यंत जलद झाल्याचे ती बनवणारे सांगतात. पंधरवड्याची बिले किंवा साऱ्या हंगामाचा गोषवारा काढताना याचा उपयोग होईल.

दुसरी सुधारणा शोधण्याची. सूची आधी गट, मग सभासद क्रमांक अशी लावलेली असते. सभासद मात्र नुसता क्रमांक सांगतो. पूर्वी अशा वेळी त्या सूचीचा फारसा उपयोग होत नसे. आता गट मोजके असले, तर डेटाबेस प्रत्येक गटात थेट त्या क्रमांकावर उडी घेतो.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. डिस्कची ही सुधारणा वाचण्याची आहे, लिहिण्याची नाही. तेव्हा काट्यावरची पावती तिच्यामुळे झटपट निघेल, असं कुणी समजू नये. वेगाच्या आकड्यावर भाळून ऐन हंगामात बदल करणे म्हणजे चालत्या मिलचा रोलर बदलण्यासारखे आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज. बिलाचा हिशोब चार दिवस अडकला, तर त्याची झळ सभासदाला आणि कारखान्याला दोघांनाही बसते.

मग जुनेच चालू द्यावे काय? तेही नाही. प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षेच दुरुस्त्या मिळतात. १३ व्या आवृत्तीची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली. बॉयलरची तपासणी आपण चुकवत नाही, मग हिशोबाच्या यंत्राची का चुकवावी?

आमचे म्हणणे असे की, पट्टा पडल्यावर, ओव्हरहॉलिंगच्या काळात हे काम करावे. त्याला कारणही आहे. नव्या आवृत्तीत डिस्कवरची माहिती बिघडली तर ओळखणारी खूण आपोआप चालू असते. जुन्यात ती बंद असेल, तर दोन्हींचा मेळ बसत नाही आणि बदल तिथंच अडतो. ती खूण जुन्यात चालू करायची, तर डेटाबेस पूर्ण बंद ठेवावा लागतो. ते काम पाडव्यानंतर होईल, मोळी टाकल्यावर नाही.

बदल करण्यापूर्वी तीन गोष्टी व्हाव्यात. एक, गेल्या हंगामाचा एखादा पंधरवडा नव्या आवृत्तीवर पुन्हा चालवावा आणि प्रत्येक बिल जुन्याशी पै-पैशाने जुळवावे. दोन, राखीव प्रत दुसऱ्या संगणकावर उभी करून दाखवावी. १७ व्या आवृत्तीपासून फक्त बदललेल्या भागाची प्रत घेता येते. जागा वाचते हे खरे. पण मूळ प्रत किंवा मधली एखादी हरवली, तर त्यापुढच्या प्रती कामाच्या राहत नाहीत. उभी करून पाहिली नाही, ती प्रत असून नसल्यासारखी. तीन, नवे रुळेपर्यंत जुना डेटाबेस मोडू नये.

आणि सभासदांनीही एक करावे. वजनाच्या पावत्या जपून ठेवाव्यात, बिल हाती आल्यावर टन-किलो ताडून पाहावेत. फरक दिसला तर 'कॉम्प्युटरमध्येच तसं आहे' या उत्तरावर परत फिरू नये. संगणकात कुणीतरी भरलं, तेच निघतं. डेटाबेस कितीही नवा असो, हिशोबाचा धनी सभासदच आहे.