उन्हातले पीक आणि दिव्याखालचे पीक

२०२१ सालच्या ऑगस्ट महिन्यात सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे एक अर्ज गुदरला. कोणतेही पीक घ्यावे तर त्याला भाव नाही, भाव मिळालाच तर त्यातून लागवडीचा खर्च सुटत नाही, कारखान्याला ऊस घालावा तर त्याचे पैसे वेळेवर हाती पडत नाहीत. तेव्हा आपल्या दोन एकर रानात गांजा लावण्याची परवानगी मिळावी, अशी त्याची मागणी होती. १५ सप्टेंबरपर्यंत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे समजून आपण १६ तारखेला लागवड सुरू करू, असेही त्याने बजावले होते. अर्ज पोलिसांकडे गेला. पोलिसांनी तो प्रसिद्धीचा खटाटोप ठरवला. वर्तमानपत्रांनी दोन दिवस चौकटीतली गंमत म्हणून तो छापला आणि प्रकरण तेथेच मिटले.

आम्हाला त्या अर्जात हसण्यासारखे काही दिसले नाही आणि आजही दिसत नाही. तो अर्ज वैतागाने लिहिलेला होता हे उघड आहे. परंतु वैतागलेला माणूसही कधीकधी नेमक्या ठिकाणी बोट ठेवतो. गांजाच्या झाडाविषयी या देशाचे धोरण काय, ते कोणत्या विचारावर उभे आहे आणि त्यात लाभ कोणाचा व हानी कोणाची, हा प्रश्न त्या अर्जाने विचारला होता. त्याचे उत्तर सरकारने अद्याप दिलेले नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आम्ही व्यसनाचे वकीलपत्र घेतलेले नाही. कोवळ्या वयात गांजा ओढणाऱ्या मुलाच्या बुद्धीवर आणि मनावर त्याचा अनिष्ट परिणाम होतो, काहींना त्यातून वेड लागते, हे वैद्यकशास्त्राने दाखवून दिले आहे. आमचा प्रश्न चिलमीचा नाही. प्रश्न शेताचा आहे.

सोलापूरच्या त्या शेतकऱ्याने मागितले ते या मातीला अपरिचित नव्हते. इंग्रज सरकारने १८९३ साली भांग, गांजा आणि चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याने ११९३ साक्षी नोंदवल्या आणि १८९४ साली आपला अहवाल सादर केला. त्या काळी बंगालमध्ये नौगाव, मध्य प्रांतात खांडवा आणि आपल्या मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्हा, ज्याला आज अहिल्यानगर म्हणतात, ही गांजाच्या परवानाधारक शेतीची ठिकाणे होती. नौगावच्या शेतात नर झाडे ओळखून उपटून काढणारा एक जाणकार असे. त्याला पोद्दार म्हणत आणि इंग्रज अधिकारी त्याचा उल्लेख ‘गांजाचा डॉक्टर’ असा करीत. नर राहिला तर मादीच्या फुलात बी धरते आणि माल वाया जातो, हे ज्ञान त्या निरक्षर कुणब्याजवळ होते. पुढे अमेरिकेत याच युक्तीचा केवढा बोलबाला झाला! आयोगाचा निष्कर्ष असा की, सरसकट बंदी आवश्यकही नाही आणि इष्टही नाही. लागवड ठरावीक क्षेत्रात आणावी, परवाने द्यावेत, कर बसवावा आणि अतिरेकास आळा घालावा. परक्या सरकारला महसुलाचा लोभ होता हे खरे. पण सात खंडांचा अहवाल लिहिण्याइतका अभ्यास तरी त्याने केला होता.

आता या झाडाचा स्वभाव पाहू, कारण सगळ्या वादाचे मूळ तेथे आहे. गांजाचे झाड पंचांग पाहत नाही, ते दिवसाची लांबी पाहते. उन्हाळ्याच्या मोठ्या दिवसांत ते नुसते वाढते. रात्र मोठी होऊ लागली की त्याला फुले येतात. म्हणून जसा अक्षांश तसे झाड. हिंदुकुशाच्या कोरड्या डोंगरांत उन्हाळा थोडा आणि हिमाची घाई. तेथील झाड ठेंगणे, रुंद पानांचे आणि लवकर पिकणारे. कुलूमध्ये किंवा गढवालात ते उन्हाळाभर माणसाच्या डोक्यावर जाते आणि आश्विनाच्या सुमारास पिकते. तेथे त्याच्या सालीचे दोर वळतात, पायताणे विणतात, बियांची चटणी वाटतात. आणि मलाण्यासारख्या गावी त्याच्याच फुलांवर हात चोळून चरस काढतात. बंगालच्या सखल प्रदेशात पावसाळ्याच्या अखेरीस रोपे लावून माघ-फाल्गुनात माल काढीत, कारण ओल्या हवेत फुलाला बुरशी लागते. केरळच्या डोंगरात आणि सयामात हेच झाड उंच, बारीक पानांचे आणि फुलायला महिनोन् महिने घेणारे होते. बी उचलून एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेले की त्याचा हिशेब चुकतो. अहिल्यानगरात वर्षातला मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा असतो. त्याहून बऱ्याच मोठ्या दिवसाची सवय असलेले उत्तर युरोपातले बी येथे पेरले तर त्याला पहिल्या दिवसापासून शरद ऋतूच भासतो. ते गुडघाभर उंचीवरच फुलू लागते आणि धाग्याचे नाव नको.

हे समजल्यावर आपल्या राज्यकर्त्यांनी घातलेली अट पाहावी. उत्तराखंडाने २०१८ साली धाग्याच्या भांगेची लागवड परवान्याने खुली केली आणि देशात पहिला मान मिळवला. त्याबद्दल त्या राज्याचे अभिनंदन. पण अट अशी की, झाडातील मादक द्रव्याचे प्रमाण ०.३ टक्क्यांहून अधिक असता कामा नये. हा ०.३ चा आकडा आला कोठून? १९७६ साली अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉन्क्विस्ट या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी वर्गीकरणाच्या सोयीसाठी तो एका निबंधात सुचवला. स्मॉल यांची परीक्षणे कॅनडातील ओटावा येथे वाढवलेल्या झाडांवर झालेली होती. आणि ही रेषा आपण सोयीपुरती ओढली आहे, हे त्यांनी लपवले नव्हते. ओटावा पंचेचाळीस अक्षांशांवर, गढवाल तीस अक्षांशांवर! तेथील सोय येथे कायदा होऊन बसली. पहाडातले देशी झाड सहसा त्या रेषेच्या आत बसत नाही. आत बसणारे परदेशी बी पहाडात नीट वाढत नाही. आणि वाढलेच तर आसपासच्या रानभांगेचा पराग वाऱ्यावर येऊन पुढच्या पिढीचे बी बिघडवतो. परवाना हातात आहे, पण पेरायला बी नाही, अशी ही कथा आहे.

उन्हातल्या पिकाची अशी दशा असताना दिव्याखालचे पीक मात्र जगभर जोमात आहे. बंद खोलीत, प्रखर दिव्यांखाली, मातीऐवजी पाण्यात मुळे सोडून गांजा वाढवतात. अठरा तास उजेड दिला की झाड वाढते. तो बारा तासांवर आणला की फुलते. ऋतू बटणावर आला! ही कला थंड देशांच्या अडचणीतून निघाली असे सांगतात, पण ते अर्धेच खरे आहे. सूर्यप्रकाशाने ओसंडणाऱ्या कॅलिफोर्नियात १९८३ पासून सरकारने हेलिकॉप्टरे फिरवून डोंगरातली शेते उपटण्याची मोहीम उघडली. तेव्हा शेतकरी छपराखाली शिरला. घरातला गांजा हे जितके हिमाचे, तितकेच पोलिसी भयाचे अपत्य आहे. या कोंडलेल्या शेतीसाठी हिंदुकुशाच्या ठेंगण्या झाडांचा संकर करण्यात आला आणि फुलातले मादक द्रव्य वाढवत वाढवत वीस टक्क्यांच्या पलीकडे नेण्यात आले. धाकाने व्यसन घटले नाही. माल मात्र अधिक जहाल झाला.

आणि त्याची किंमत काय? कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ साली अमेरिकेतील हवामानवार हिशेब मांडला. खोलीत पिकवलेल्या एक किलो वाळक्या फुलामागे, स्थळ कोणते त्यानुसार, २२८३ ते ५१८४ किलो कार्बन वायूइतका भार हवेत पडतो. सौम्य हवेच्या दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर तो सर्वांत कमी आणि दमट हवाई बेटांवर सर्वांत अधिक निघाला. मोठा खर्च दिव्यांचा, त्याहून मोठा हवा गार-गरम व कोरडी करण्याचा. म्हणजे भिंती बांधूनही हवामान चुकत नाही. फरक एवढाच, की शेतकरी त्याच्याशी जमवून घेतो आणि कारखानदार विजेच्या बळावर त्याच्याशी झुंजतो. मुंबईच्या आषाढातल्या दमट हवेत अशी खोली चालवायची तर केवढी वीज लागेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. ज्या राज्यात अनेक गावांचा शेतकरी विहिरीवरचा पंप सुरू करण्यासाठी आजही मध्यरात्री उठतो, त्या राज्याला ही चैन परवडणारी नाही.

पण तो माल मुंबईत येऊन थडकला आहे! थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अंमली पदार्थांच्या यादीतून काढला आणि नंतर जून २०२५ मध्ये तो वैद्यकीय चिठ्ठीपुरता मर्यादित केला. दरम्यान बँकॉकहून मुंबईच्या विमानतळावर उतरणाऱ्या उतारूंच्या पेट्यांतून हायड्रोपोनिक गांजा पकडल्याच्या बातम्या मुंबईकराच्या नित्य परिचयाच्या झाल्या. सधन तरुणांसाठी विमानाने येणारा दिव्याखालचा गांजा एकीकडे. तुरीच्या ओळीत चार झाडे लावली म्हणून हातात बेड्या पडलेला कोरडवाहू शेतकरी दुसरीकडे. झाड तेच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण जणू याच प्रकरणासाठी जन्मली असावी.

कायदा काय म्हणतो? १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याने गांजाच्या झाडाच्या बेकायदा लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. मात्र त्याच कायद्याच्या दहाव्या कलमाने लागवडीस परवानगी देण्याचा व तिचे नियमन करण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे आणि चौदाव्या कलमाने धागा व बी यांसाठीच्या लागवडीची वाट केंद्राने मोकळी ठेवली आहे. बियाविरहित आणि फुलांविरहित पाने, म्हणजे आपली भांग, तर त्याने गांजाच्या व्याख्येबाहेरच ठेवली. नोव्हेंबर २०२१ मध्ये या झाडाचे बी व त्याचे तेल यांना केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याने खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात हे झाड अतिघातक पदार्थांच्या यादीतून काढण्याच्या बाजूने जी २७ मते पडली, त्यांत एक मत भारताचे होते. परदेशात हात वर करायचा आणि घरी हात बांधून बसायचे, ही कसली रीत?

यावर आक्षेप असा घेतला जाईल की, परवान्याच्या आडून चोरटा व्यापार माजेल. आक्षेप पोकळ नाही. परंतु गांजाहून कितीतरी पटीने घातक अशा अफूची शेती आपल्या मध्य प्रदेशात, राजस्थानात आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने, मोजणी करून आजही चालते, आणि तिचा चीक नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत जातो. तेथे गळती होत नाही असे आम्ही म्हणत नाही. पण गळती होते म्हणून कोणी औषधाची अफू बंद केलेली नाही. जे अफूच्या बोंडाला जमते ते धाग्याच्या काडीला का जमू नये? दुसरा आक्षेप असा की, गांजाने शेतकऱ्याचे दैन्य फिटणार नाही. हेही खरे आहे. धाग्याला गिरणी हवी, बियाला घाणा हवा, दोहोंना बाजार हवा. तो नसेल तर आज कांद्याचे जे होते तेच उद्या भांगेचे होईल. हे पीक कल्पवृक्ष नव्हे. ते एक पीक आहे, आणि त्याला पिकासारखे वागवावे एवढेच आमचे म्हणणे आहे.

हिमाचल प्रदेशाने या दिशेने पाऊल टाकले आहे. विधानसभेत चर्चा झाली, समिती नेमली गेली आणि जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर व नौणी येथील विद्यापीठांकडून लागवडीचा प्रायोगिक अभ्यास करून घेण्यास मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. महाराष्ट्राने तेवढे तरी करावे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ ज्या जिल्ह्यात उभे आहे, त्याच जिल्ह्यात एके काळी हे पीक परवान्याने निघत होते. त्या विद्यापीठाला कुंपणाआड काही एकर द्या. देशी बियांचा संग्रह करू द्या. आपल्या अक्षांशाला, आपल्या पावसाला मानवणारे, धाग्याला लांब आणि नशेला निरुपयोगी असे वाण निवडू द्या. ०.३ चा आकडा आपल्या उन्हात टिकतो की नाही हे आपल्याच शेतात मोजू द्या आणि मग कायद्याची रेषा ओढा. तोपर्यंत चार झाडांच्या मालकाला आणि ट्रकभर मालाच्या व्यापाऱ्याला एकाच तराजूत तोलणे थांबवा. १७८५ साली लामार्कने या झाडाच्या एका जातीला भारताच्या नावाने ओळख दिली. तिचे बी आपण दरसाल पंचनामा करून जाळतो आणि मग परवानाधारकाला परदेशातून बी मागवायला सांगतो!

सोलापूरच्या त्या अर्जदाराला गांजा लावण्याची परवानगी द्यायला हवी होती असे आम्ही म्हणत नाही. त्याला उत्तर द्यायला हवे होते, असे मात्र निश्चित म्हणतो. परवानगी नाही तर का नाही, धाग्याचे पीक चालेल का, बी कोण देईल, माल कोण घेईल, हे त्याला सांगणे सरकारचे कर्तव्य होते. दिव्याखालचे पीक श्रीमंत देशांना लखलाभ असो. आपल्याजवळ सूर्य आहे, माती आहे, शंभर वर्षांपूर्वीचा अनुभव आहे आणि भाव न मिळणाऱ्या पिकांना कंटाळलेला शेतकरी आहे. उणीव आहे ती विचार करणाऱ्या सरकारची.