पुरवणी

गेल्या आठवड्यात दुपारी आमच्या ह्यांना बँकेतून फोन आला. मी शेंगा सोलत बसले होते. ह्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो (ऐकू कमी येतं हे मान्य करायचं नाही, एवढंच कारण), त्यामुळे सगळं संभाषण मलाही ऐकू आलं. पलीकडची मुलगी मोठ्या गोड आवाजात सांगत होती, "सर, मॅडमसाठी अ‍ॅड-ऑन कार्ड एकदम फ्री आहे. लाइफटाइम फ्री."

फोन ठेवून हे उत्साहाने म्हणाले, "तुझं नाव घालतोय माझ्या क्रेडिट कार्डावर. आता तूसुद्धा कार्डवाली!"

"नको," मी म्हटलं.

"अगं, फुकट आहे."

"नको."

"माझ्यावर विश्वास नाही का?"

आता पन्नास वर्षांच्या संसारानंतर या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? मी शेंगा सोलत राहिले. हे रुसले. अजून थोडे रुसलेलेच आहेत. तेव्हा जे त्यांच्याशी बोलता आलं नाही ते इथे लिहिते. त्यांनीही वाचावं. आणि आमच्या गोतावळ्यातल्या ज्या ज्या पुरुषांनी मोठ्या कौतुकाने बायकोच्या हातात असलं कार्ड ठेवलं आहे, त्यांनी तर जरूर वाचावं.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. क्रेडिट कार्ड असतं नवऱ्याचं. त्याच खात्यावर बायकोच्या नावाचं दुसरं कार्ड मिळतं, त्याला अ‍ॅड-ऑन किंवा सप्लिमेंटरी म्हणतात. कार्डावर नाव तिचं. पण खर्चाची मर्यादा दोघांत मिळून एकच, बिल एकच, आणि ते जातं नवऱ्याच्या नावाने. तिच्या कार्डाची मर्यादा कमी करायची की ते बंदच करून टाकायचं, हे नवऱ्याने ठरवायचं. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली कार्डांविषयी जे सविस्तर निर्देश काढले, त्यातही लिहिलं आहे की अ‍ॅड-ऑन कार्डाच्या देण्याची जबाबदारी मुख्य कार्डधारकाची. वरवर पाहता हे बायकोच्या फायद्याचंच. खर्च तिने करावा, फेडावं त्याने. पण ज्याची जबाबदारी त्याचीच पत, ही याची दुसरी बाजू आहे आणि ती फोनवरची गोड मुलगी सांगत नाही.

सप्लिमेंटरीला मराठीत शब्द आहे 'पुरवणी'. मी तीस-बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, दहावीच्या परीक्षेला पर्यवेक्षण केलं. पुरवणी म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. शेवटची दहा मिनिटं राहिली की आम्ही वर्गभर ओरडत फिरायचो, "पुरवण्या दोऱ्याने नीट बांधा रे!" कारण सुटी पुरवणी म्हणजे नुसता कागद. त्यावर कितीही सुंदर उत्तर लिहिलेलं असो, मूळ उत्तरपत्रिकेपासून सुटली की तिला कोण गुण देणार?

हे नुसतं शब्दाला शब्द जुळवणं नाही. माझ्या धाकट्या जावेच्या बाबतीत हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं आहे. (तिला विचारून लिहिते आहे. "लिहा ताई, नाव तेवढं घालू नका," म्हणाली.)

माझे दीर खाजगी कंपनीत होते. व्यवहाराला चोख, स्वभावाला प्रेमळ. त्यांनी तिला अ‍ॅड-ऑन कार्ड दिलं तेव्हा ती सगळ्यांना दाखवत होती. अकरा वर्षं ते वापरलं. किराणा, औषधं, लेकीच्या लग्नातली बरीचशी खरेदी. बिल कधी थकलं नाही, कारण महिन्याचा ताळा तीच घालून ठेवायची, दीर फक्त पैसे भरायचे. म्हणजे शिस्त तिची. एकच गंमत व्हायची, तिच्या कार्डाचा ओटीपी जायचा दिरांच्या मोबाइलवर. त्यांच्या साठीला त्यांना न सांगता घड्याळ मागवायला गेली, तर हे आतल्या खोलीतून विचारतात, "अगं, साडेसहा हजारांचं काय घेतेयस?" तेव्हा आम्ही पोट धरधरून हसलो होतो.

२०२२ मध्ये दीर गेले. हृदयविकाराचा झटका, दवाखान्यात नेईपर्यंतसुद्धा वेळ मिळाला नाही. दिवसकार्य आटोपल्यावर मुलाने बँकेला कळवलं, बँकेने कार्ड बंद केलं. नियमाप्रमाणेच केलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मूळ कार्ड बंद झालं तेव्हा त्याला बांधलेलं तिचंही बंद झालं, हे तिला कुणी सांगितलं नाही. तिला ते कळलं औषधाच्या दुकानात. रक्तदाबाच्या गोळ्या काउंटरवर ठेवलेल्या, मागे रांग, आणि दुकानातला पोरगा म्हणतोय, "काकू, कार्ड चालत नाहीये. दुसरं आहे का?" दुसरं नव्हतं. गोळ्या तिथेच ठेवून ती घरी आली.

पुढे बिलाचे फोन सुरू झाले. अडतीस हजारांच्या आसपास बाकी होती. "मॅडम, पेमेंट कधी करताय?" दिवसातून दोनदा. तिने माहेरून मिळालेल्या पैशाची, स्वतःच्या नावावरची मुदत ठेव मोडली आणि भरून टाकले. मला नंतर कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. अगं, ते देणं भागवायचं ते गेलेल्या माणसाने मागे जे ठेवलं असेल त्यातून! तुझ्या माहेरच्या पैशाला हात लावायचं कारण नव्हतं. पण घरात सुतक आणि कानाला फोन, अशा वेळी कायदा कुणाला आठवतो?

आणि मग कहर झाला. तिने त्याच बँकेत स्वतःच्या नावाने कार्ड मागितलं. उत्तर आलं, उत्पन्नाचा पुरावा नाही आणि क्रेडिट हिस्टरी नाही. आम्ही तिचा अहवाल काढला. (वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. सिबिलसारख्या चारही कंपन्यांना २०१७ पासून तसं बंधन आहे.) त्यात त्या अकरा वर्षांची एक ओळही नव्हती. मी इतिहासाची शिक्षिका. राजांचा इतिहास सापडतो, राण्यांचा शोधावा लागतो, हे मुलांना अनेकदा सांगितलं होतं. पण आपल्या घरातली बाई, रोज व्यवहार करणारी, एक दिवस उशीर न करणारी, आणि तिला इतिहासच नाही असं कागदावर छापून आलेलं पाहिलं तेव्हा माझा घसा दाटून आला.

बँकेत खातं जॉइंट असलं की आपण त्यावर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' लिहून घेतो. दोघांपैकी मागे राहील त्याला खातं चालवता यावं म्हणून. आमच्या पिढीला हे तीन इंग्रजी शब्द तोंडपाठ आहेत. क्रेडिट कार्डाला असलं 'सर्व्हायव्हर' काही नसतं. हे ज्याने नीट समजून घेतलं तो बायकोला पुरवणी देऊन स्वस्थ बसणार नाही.

आता उलट बाजूने काय म्हणतात ते मला माहीत आहे, घरातच ऐकते आहे. पहिलं म्हणजे, "बाईला उत्पन्न नसेल तर तिला कार्ड देणार कोण?" मुदत ठेवीवर देतात. तिच्या नावाने ठेव करा, त्या ठेवीच्या तारणावर बऱ्याच बँका कार्ड देतात. दुसरं, "वेगळ्या कार्डाची वेगळी फी." बिनफीची कार्डं आहेत. आणि फी असली तरी वर्षाकाठी दोन वेळा हॉटेलात जेवण्याइतकी. तिसरं, "क्रेडिट कार्ड हवंच कशाला, उधारी ती उधारीच!" हे मात्र मला पटतं. बिल थकवलं तर महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी व्याज लागतं, सावकार परवडला. ज्यांना कार्ड नको त्यांनी मुळीच घेऊ नये. पण मग बायकोलाही अ‍ॅड-ऑन देऊ नये. तुम्हाला ते चांगलं आणि तिला मात्र त्याची पुरवणी पुरे, हा हिशेब कुठला?

अ‍ॅड-ऑन कधीच नको असंही मी म्हणत नाही. शिकायला बाहेरगावी गेलेल्या मुलाला द्यावं. नवरा अंथरुणाला खिळला असेल आणि बायको त्याचा पिन टाकून त्याचंच कार्ड चालवत असेल, तर त्यापेक्षा अ‍ॅड-ऑन बरं. पण धडधाकट असताना, हातात वेळ असताना, तेवढ्यावरच थांबणं मला मान्य नाही.

न्यू जर्सीतल्या माझ्या पुतणीने (या जावेचीच लेक) मात्र मला खोडून काढलं. "काकू, इथे तर आम्ही हे मुद्दाम करतो." ती एच-४ व्हिसावर गेलेली, नोकरीची परवानगी नाही. २०१५ मध्ये ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेत पुढे गेलेल्यांच्या जोडीदारांना कामाचा परवाना मिळू लागला, त्यानंतर तिला परवाना आणि सोशल सिक्युरिटी नंबर मिळाला. लगेच नवऱ्याने तिला आपल्या कार्डावर 'ऑथराइज्ड युजर' केलं. वर्षभरात तिच्या नावाने पत तयार झाली आणि तिने स्वतःचं कार्ड घेतलं.

मी खोदून खोदून विचारलं, वाचलं. फरक कायद्याचा आहे. तिथेही एके काळी बाईला उधारीसाठी नवऱ्याची सही मागत. १९७४ साली समान पतसंधीचा कायदा झाला. त्याखालच्या नियमात असं आहे की जोडीदाराला खातं वापरायची मुभा असेल, तर पतसंस्थांना माहिती कळवताना ती दोघांच्या नावे कळवावी. २०१३ पासून तर घरी असणारी बायकोसुद्धा, जे घरातलं उत्पन्न तिच्या हाताशी आहे ते अर्जात दाखवू शकते. म्हणजे तिथे पुरवणीलाही गुण मिळतात! अर्थात नवऱ्याने हप्ते थकवले तर तो डागही तिच्या अहवालात दिसू शकतो. तरीही माझ्या पुतणीने तिथे न थांबता स्वतःचं कार्ड घेतलंच, हे तिलाही मी ऐकवलं.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने हे करायला काय हरकत आहे? बायकोची (आणि नवऱ्याचीही, पुरवणी तोही असू शकतो) इच्छा असेल तर तिच्या वापराची नोंद तिच्या नावे करणं प्रत्येक बँकेला सक्तीचं करा. आणि मुख्य कार्ड बंद करताना अ‍ॅड-ऑनवाल्याला त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर आधी कळवा. एवढं तरी कराच.

तोवर आपलं आपण. उरलेल्या पैशातून जावेच्या नावाने ठेव केली, दुसऱ्या बँकेत मी स्वतः तिच्याबरोबर गेले, फॉर्म तिला स्वतःला भरायला लावला. मर्यादा चाळीसच हजारांची आहे, पण कार्ड तिचं. पहिली खरेदी रक्तदाबाच्या गोळ्यांची, या वेळी घरबसल्या. रात्री साडेनऊला तिचा फोन. "ताई, ताई, ओटीपी माझ्या मोबाइलवर आला! सांगू? चार, सात, नऊ..."

"अगं बाई, थांब," मी ओरडले, "तो कुणालाही सांगायचा नसतो. मलासुद्धा नाही."