इंजिन उतरवायच्या आधी

मागच्या उन्हाळ्यात आमची दुभती गाय विकायला निघाली होती. चारा संपला म्हणून नाही, गाय आजारी होती म्हणूनही नाही. पिकअपचं इंजिन बांधायला ऐंशी हजार पाहिजे होते म्हणून. व्यापारी येऊन कास बघून गेला, भाव ठरला, फक्त विसार घ्यायचा राहिला होता. आमच्या मंडळी दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. शेवटी गाडीला लागले सहाशे चाळीस रुपये. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. मला राग आलाय, आणि त्यातला निम्मा राग माझ्यावरच आहे.

आमची पिकअप २००८ सालची. चार लाख तीस हजार किलोमीटर झालेली. आठ वर्षांवरच्या मालगाडीला दरवर्षी पासिंग करावं लागतं, ते ती दरवर्षी करून येते. आम्ही संगमनेर तालुक्यातले. टोमॅटो नारायणगावच्या बाजाराला घालायचा तर मधे चंदनापुरीचा घाट. साठ क्रेट भरून निघालं की घाटातच गाडीची खरी परीक्षा. त्या दिवशी अर्ध्या चढावर गाडीनं ओढ सोडली. तिसऱ्याचा दुसरा टाकला, दुसऱ्याचा पहिला टाकला, आणि ती बंद पडली. थोरल्यानं फिल्टरवरचा हातपंप पाच-सहा वेळा दाबला, तेव्हा कुठं चालू झाली. बाजारात पोचलो तेव्हा लिलाव निम्म्यावर आला होता. त्या दिवशीचा तोटा वेगळाच.

दुसऱ्या दिवशी गाडी शहरातल्या एका गॅरेजला नेली. पोरगं हुशार होतं, हातही साफ. त्यानं बॉनेट उघडलं, मीटरकडं बघितलं आणि म्हणाला, "काका, चार लाखाच्या वर गेलीय. इंजिन बसलं. रिंग-पिस्टन, लायनर सगळं करावं लागंल."

"बरं, पण तपासलं कशावरून?"

"मीटर सांगतंय ना!"

इथंच माझं भांडण आहे. मीटर गाडीचं वय सांगतं, रोग सांगत नाही. उद्या मी डॉक्टरकडं गेलो आणि त्यानं छाती न तपासता नुसतं माझं वय विचारून "काका, तुमचं काळीज बदलावं लागंल" म्हणलं, तर चालंल का? माणसाला नाही चालत, मग गाडीला का चालवून घेता?

खरंच झिजलेल्या इंजिनाची लक्षणं लपत नाहीत. ते ऑइल पितं, निळा धूर सोडतं. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण सैल केलं की आतून जोराचा फुंकारा येतो. माझ्या गाडीला यातलं काहीच नव्हतं. एका ऑइल बदलीपासून दुसरीपर्यंत अर्धा लिटरही वरून घालावं लागत नव्हतं. सपाटीला ती घोड्यासारखी पळायची. आणि मुख्य म्हणजे हातपंप दाबला की ती सुधारायची. आता सांगा, झिजलेली रिंग हातपंप दाबल्यानं बरी होईल का?

हा प्रश्न मला गॅरेजात सुचायला पाहिजे होता. सुचला गोठ्यात, व्यापारी गायीची कास बघत होता तेव्हा.

आमच्या तरुणपणी विहिरीवर डिझेल इंजिन असायचं. टाकीतलं डिझेल संपून पाइपात हवा शिरली की इंजिन गुपचूप बसायचं. मग पान्यानं नट सैल करायचा, पंप मारत राहायचं, बुडबुडे थांबून सलग धार आली की नट आवळायचा. याला आम्ही 'हवा काढणं' म्हणायचो. वाड्यावस्त्यांवरच्या पोराठोरांनाही ते यायचं. पुढं विजेची मोटर आली, बटण आलं, आणि ती विद्या आम्ही विहिरीतच सोडून दिली.

व्यापाऱ्याला म्हणलं, चार दिवस थांब. पाच लिटरचा कॅन धुऊन सुकवला, त्यात गाळलेलं डिझेल भरलं आणि इंजिनापेक्षा उंचावर पक्का बांधला. पारदर्शक नळीनं ते डिझेल फीड पंपाला दिलं, परतीची नळीही कॅनमध्येच सोडली. म्हणजे गाडीची टाकी आणि तिथून येणारा पाइप दोन्ही बाजूला ठेवले. इंजिन पहिल्या सेल्फला चालू! आमच्या वस्तीच्या चढावर वीस क्रेट टाकून नेली, कुठं अडली नाही. इंजिन निर्दोष सुटलं. मग टाकीचा पाइप परत जोडला आणि मधे वीतभर पारदर्शक नळी घातली. रेस दिली की तिच्यात बुडबुड्यांची रांग दिसायची. टाकीजवळच्या क्लिपखाली रबरी पाइप वाळून चिरला होता. फीड पंप डिझेल ओढून घेतो, म्हणून अशी चीर हवा आत घेते. डिझेल बाहेर गळतंच असं नाही, मग डोळ्याला दिसणार काय? रात्रभर उभी राहिली की पाइपातलं डिझेल टाकीत उतरायचं, म्हणून सकाळी सेल्फ खूप मारावा लागायचा. घाटात डिझेल जास्त लागतं, तिथं बुडबुडे भारी पडायचे.

नवा पाइप, दोन क्लिपा, एक डिझेल फिल्टर. सहाशे चाळीस रुपये.

थोरला म्हणतो, "दादा, एखाद्या वेळी जमलं म्हणून दर वेळी जमतं का? जुनी गाडी एक दिवस रस्त्यात मारणार." त्याचं खोटं नाही. रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील, पाणी गुपचूप कमी होत असेल, ऑइल दुधाळ झालं असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या आणि गाडी तिथंच उभी करा. हट्टानं पळवाल तर इंजिन खरंच उतरवावं लागेल. ब्रेकच्या बाबतीत तर काटकसर करूच नये. आणि तपासून इंजिन झिजलेलं निघालं, तर बांधा नाहीतर विका. जुन्या गाडीवर जीव लावा असं मी म्हणत नाही. तपासल्याशिवाय निकाल देऊ नका, एवढंच म्हणतो.

आता त्या गॅरेजवाल्या पोराची बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. त्यानं दोन तास घालून चीर शोधली असती आणि "पाइपाचे दोनशे, शोधायचे हजार" म्हणला असता, तर मी दिले असते का? नसते दिले. "नुसतं बघायचे हजार?" म्हणून चार माणसांत त्याचा पाणउतारा केला असता. आपण लोखंडाचे पैसे देतो, डोक्याचे देत नाही. मग तो लोखंडच विकणार. घाई आपली, चिकूपणा आपला, आणि शिव्या मात्र मिस्त्रीला.

आपले बाकीचे गुणही काही कमी नाहीत. बोअरचं क्षारी पाणी रेडिएटरात ओतायचं, आत खडे धरू द्यायचे आणि गाडी तापली की कंपनीच्या नावानं बोंब मारायची. काळा धूर आला की नोझल बदला म्हणायचं, पण खळ्यातल्या भुसकटानं भरलेला एअर फिल्टर उघडून बघायचा नाही. डिझेल फिल्टरखालचा पाणी सोडायचा नट कुठं आहे, हे दहा वर्षं गाडी चालवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

मी दहावी शिकलेला माणूस. पण आता गाडीत एक वही ठेवलीय. ऑइल कधी बदललं, वरून किती घातलं, बिघाड गरम असताना झाला की गार असताना, चढाला की सपाटीला, धुराचा रंग कोणता, सगळं लिहितो. गॅरेजला गेलो की आधी वही पुढं करतो आणि म्हणतो, "तपासायचे पैसे वेगळे देईन, पण काय तपासलं ते दाखव." त्या दिवशीच्याच पोराकडं जातो. मागच्या महिन्यात त्यानं तपासणीचे तीनशे घेतले आणि अल्टरनेटर बदलायचा नाही, नुसती वायर सैल होती, असं सांगितलं. ते तीनशे मला जड गेले नाहीत.

गाय गोठ्यातच आहे. सकाळचा चहा तिच्याच दुधाचा होतो. पण त्या दोन दिवसांचा विषय निघाला की आमच्या मंडळी अजून म्हणतात, "गाडी बघायला चार दिवस मिळाले, गाय विकायला निघाला तेव्हा एक दिवस विचार केला नाही." त्याला माझ्याकडं उत्तर नाही.