हिवाळा, धूळ आणि कामगाराची छाती

थंडीचा कडाका सुरू झाला की देशभरच्या सरकारी इस्पितळांपुढे धाप लागलेल्या माणसांच्या रांगा वाढू लागतात. त्यांत बिगारी असतात, गिरणीतून निवृत्त झालेले कामगार असतात, आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या वृद्ध स्त्रिया असतात. "वय झाले, दमा आहे, चालायचेच," असे म्हणून घरची माणसे स्वतःची समजूत घालतात. हा दैववाद आहे आणि कष्टकरी कुटुंबाला तो फार महाग पडतो.

ज्याला लोक सरसकट दमा म्हणतात, त्यातील मोठा भाग प्रत्यक्षात श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या विकाराचा, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत 'सीओपीडी'चा असतो. भारतात या रोगाचे रुग्ण 1990 मध्ये सुमारे 2 कोटी 81 लाख होते. 2016 मध्ये ते सुमारे 5 कोटी 53 लाख झाले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. 2016 सालच्या त्याच हिशेबानुसार, या रोगापायी वाया जाणाऱ्या निरोगी आयुष्यवर्षांपैकी 53.7 टक्के हवेच्या प्रदूषणाच्या, 25.4 टक्के तंबाखूच्या आणि 16.5 टक्के कामाच्या जागेवरील धूळ-धुराच्या पदरात पडतात. विडी हे एकच कारण मानून सारा दोष रुग्णाच्या माथी मारणे किती अपुरे आहे, हे या आकड्यांवरून उघड होते.

हा रोग वर्षभर सारख्या गतीने चालत नाही. तो मधूनमधून उचल खातो, आणि अशा प्रत्येक झटक्यानंतर फुफ्फुसाची गेलेली शक्ती पूर्णपणे परत येतेच असे नाही. म्हणूनच झटका ओळखणे आणि टाळणे याला महत्त्व आहे. नेहमीपेक्षा जास्त धाप, वाढलेला खोकला, कफाचे वाढलेले प्रमाण किंवा त्याचा पिवळा-हिरवा झालेला रंग ही पहिली लक्षणे होत. ती दिसताच दोन-चार दिवस वाट न पाहता डॉक्टरकडे जावे. एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, ओठ निळे पडत असतील किंवा रुग्णाला गुंगी येत असेल, तर त्याच क्षणी इस्पितळ गाठावे.

झटक्याचे सर्वांत मोठे निमित्त म्हणजे सर्दी-फ्लूसारखा संसर्ग. हात धुणे, सर्दी झालेल्यापासून अंतर राखणे, दरवर्षी फ्लूची आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने न्यूमोकॉकसची लस घेणे, हे त्यावरचे उपाय. दुसरे निमित्त धुराचे: विडी-सिगारेट, मग ती स्वतः ओढलेली असो वा शेजाऱ्याने, चूल, बंद खोलीतील शेगडी, डासांची अगरबत्ती, जाळलेला कचरा, दिवाळीचे फटाके. तिसरे निमित्त धुळीचे आणि चौथे हवामानाचे. थंडीत जमिनीलगतची हवा वर चढत नाही, त्यामुळे शहराचा सारा धूर माणसाच्या नाकाच्या उंचीवर साचून राहतो. हवेचा निर्देशांक 200 च्या पुढे गेला की सरकारी वर्गवारीतच ती हवा 'वाईट' ठरते आणि 400 च्या पुढे 'गंभीर'. अशा दिवशी पहाटेचे फिरणे आणि अंगमेहनत रुग्णाने टाळावी. "पंपाची सवय लागते" या गैरसमजापोटी नेहमीचे औषध मध्येच सोडणे हेदेखील झटक्याला आमंत्रण ठरते.

इथपर्यंतचा सल्ला निर्विवाद आहे आणि तो घरोघर पोचला पाहिजे. परंतु "धूळ टाळा" हे वाक्य दगडखाणीतील मजुराला सांगितले की त्याचा अर्थ "रोजगार सोडा" असा होतो. कापड गिरण्यांच्या ब्लो-रूम आणि कार्डिंग खात्यांतील कामगारांना साप्ताहिक सुटीनंतरच्या पहिल्या पाळीलाच छाती आवळल्यासारखी वाटे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बायसिनोसिस या रोगाची हीच खूण आहे. म्हणजे आपल्याला कशाने त्रास होतो, हे कामगाराच्या छातीला ठाऊक होते. ते टाळण्याचा अधिकार मात्र त्याच्या हाती नव्हता. तीच गोष्ट चुलीची. 2016 पासून उज्ज्वला योजनेखाली कोट्यवधी घरांत गॅसजोडणी गेली. पण सिलिंडर पुन्हा भरून घेण्याइतके पैसे हाती नसले, की बाईला परत लाकूडफाट्याकडेच वळावे लागते. नाकाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवीत नाही. दगड कापताना पाण्याचा मारा आणि धूळ ओढून घेणारी यंत्रे ती अडवू शकतात, पण त्यांचा खर्च मालकाने करावयाचा असतो.

दिल्लीच्या परिसरात नोव्हेंबर 2021 मध्ये विषारी हवेमुळे बांधकामे बंद ठेवण्यात आली, तेव्हा त्या काळात मजुरांना कल्याण-उपकराच्या निधीतून निर्वाहापुरते पैसे द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. हवा शुद्ध करण्याचा भार रोजंदारीवर जगणाऱ्याने उपाशी राहून उचलू नये, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. मात्र ज्या मजुराची मंडळाकडे नोंदणीच झालेली नाही, त्याच्यापर्यंत असा पैसा पोचत नाही. हे तत्त्व प्रत्येक शहरात, प्रत्येक नाक्यावर अमलात आणून घेणे हे संघटनेचे काम आहे.

म्हणून पक्षसभासदांनी, ते मुंबईत असोत वा इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्लीत, हा प्रश्न आपल्या कामाचा भाग मानावा. बांधकाम मजुरांची नोंदणी करून घ्यावी. कामाच्या जागी धूळ दाबण्याची साधने आणि छातीची नियमित तपासणी यांची मागणी युनियनच्या मागणीपत्रकात घालावी. साल्ब्युटामॉल आणि ब्युडेसोनाइड ही श्वासावाटे घेण्याची औषधे 2022 च्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात खरोखर मिळतात की नाही, हे स्वतः जाऊन पाहावे, आणि मिळत नसतील तर लोकांना घेऊन जाब विचारावा. फ्लू आणि न्यूमोकॉकसच्या लसी प्रौढ रुग्णांना बहुधा पदरमोड करून घ्याव्या लागतात. त्या गरजूंना मोफत मिळाव्यात, असा आग्रह धरावा. आणि ज्या खोलीत शाखेच्या सभा भरतात, त्या खोलीत विडी-सिगारेट पेटू नये. ज्या कॉम्रेडला धाप लागते, त्याला सभेबाहेर ओट्यावर बसावे लागू नये, एवढे तरी कोणत्याही कायद्याची वाट न पाहता आजच करता येण्याजोगे आहे.

रुग्णाने स्वतःला जपावे, हे योग्यच. पण ज्या हवेत तो काम करतो, ती हवा एकट्याने बदलता येत नाही. आठ तासांचा दिवस कामगारांनी संघटित होऊन मिळवला. त्या आठ तासांत धुळीवाचून श्वास घेता यावा, ही मागणीही संघटित होऊनच पदरात पाडून घ्यावी लागेल.