शर्यत, समाह्वय आणि कर

निर्जीव फांशांवरील पैज तें द्यूत व सजीव प्राण्यांवरील तो समाह्वय, असा भेद मनूनें केला. तथापि राजानें दोहोंसहि बंदी करावी, असेंच सांगितलें. सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं घोड्यांच्या शर्यतींत कौशल्य प्रधान मानिलें, तेव्हां घोड्याचें कूळ, वजन व स्वार पारखणाऱ्या आम्हां शौकिनांस बरें वाटलें. सरकारास मात्र कर घेतांना शर्यत व लॉटरी एकाच पंक्तीस! कौटिल्याचा अध्यक्ष जिंकलेल्या द्रव्यांतून शेंकडा पांच घेई. येथें २०२३ च्या ऑक्टोबरपासून लावलेल्या पूर्ण रकमेवर शेंकडा २८, आणि २०२५ च्या सप्टेंबरांत ते ४० झाले. घोडा हरला तरी ते गेलेच. गृहिणी शर्यतीस द्यूतच म्हणतात. त्यांस घर चालवावयाचें असतें. सरकारानें मात्र मनूप्रमाणें बंदी तरी घालावी, नाहीं तर कौटिल्याप्रमाणें जिंकणाऱ्यापाशींच मागावें.