आधी परतफेड, मग क्षमा!

तुझी मेलेली आई शुद्धिस्थानाच्या आगीत होरपळते आहे, तुला हाका मारते आहे, आणि तिला सोडवायला तुझ्या हातून चार नाणी सुटत नाहीत, असे एखाद्या गरीब कारागिराच्या तोंडावर सांगणे हा धर्मोपदेश नव्हे. ही खंडणी आहे. १५१७ साली जर्मनीत योहान टेट्झेल नावाचा डोमिनिकन संन्यासी ही खंडणी भर बाजारात, क्रूस उभारून, पोपच्या नावाने वसूल करत होता. पाचशे वर्षे उलटली म्हणून त्या गुन्ह्याची धग कमी झालेली नाही. कारण ज्या समजुतीवर तो उभा होता ती आजही जिवंत आहे: वाईट एकाचे करावे आणि क्षमा भलत्याकडूनच घ्यावी.

पैसा कुठे जात होता ते पाहा. ब्रांडेनबुर्गच्या राजघराण्यातला आल्ब्रेख्त विशीतच माग्डेबुर्गचा आर्चबिशप झाला आणि १५१४ मध्ये माइन्झचाही. एका माणसाने इतकी धर्मपदे बळकावणे चर्चच्याच कायद्यात बसत नव्हते. कायदा बाजूला सारण्याची किंमत रोमने लावली, आणि ती भरायला आल्ब्रेख्तने आउग्सबुर्गच्या याकोब फुगर या सावकाराकडून सुमारे २९,००० गिल्डरचे कर्ज काढले. ते फिटावे म्हणून पोप दहावे लिओ यांनी क्षमापत्रे, म्हणजे पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रे, विकण्याची मोहीम त्याच्या हाती दिली. निम्मा पैसा रोमला, संत पीटर महामंदिराच्या बांधकामासाठी. निम्मा फुगरच्या देण्यापोटी. याच मोहिमेसाठी फिरणाऱ्या टेट्झेलच्या पेटीबरोबर सावकाराचे गुमास्ते हिंडत होते. नाणी टाकणाऱ्या बायाबापड्यांना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांना वाटत होते, आपण देवाचे घर बांधतो आहोत. ते एका राजपुत्राचे कर्ज फेडत होते!

राजाला इतकी नाणी, उमरावाला इतकी, कारागिराला इतकी, असा दर त्या मोहिमेच्या लेखी सूचनांत ठरलेला होता. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने प्रार्थना आणि उपवास करून क्षमा मिळवावी, असेही त्यात होते; ते नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या मोहिमेच्या मागे सावकाराचा तगादा उभा आहे, तिथे फुकटच्या क्षमेची दवंडी कोण पिटणार?

कॅथलिक शिकवण नीट समजून घेतल्याशिवाय तिच्यावर आसूड ओढण्याचा अधिकार कोणालाच नाही. पापाची क्षमा विकत मिळते, असे चर्चने अधिकृतपणे कधीही म्हटलेले नाही. पापाचा दोष देव पापनिवेदनाच्या संस्कारात पुसतो. मात्र त्या पापाची ऐहिक शिक्षा उरते आणि ती इथे प्रायश्चित्ताने किंवा मरणानंतर शुद्धिस्थानात भोगावी लागते. ख्रिस्ताच्या आणि संतांच्या पुण्याचा अक्षय साठा चर्चच्या हाती आहे आणि त्यातून ही उरलेली शिक्षा माफ करता येते, असे पोप सहावे क्लेमेंट यांनी १३४३ साली जाहीर केले. १४७६ मध्ये चौथे सिक्स्टस यांनी ही सवलत मृतांपर्यंत नेली, आणि तिथे घात झाला. जिवंत माणसाला निदान विचारता येते, बाबा, तुला पश्चात्ताप झाला आहे का? मेलेल्याला कोण विचारणार? मृतांसाठी पत्र घेणाऱ्याने स्वतः पापनिवेदन करण्याचीही गरज नाही, असे आल्ब्रेख्तच्या सूचना स्पष्ट सांगत होत्या. पश्चात्ताप गळाला आणि नाणे तेवढे राहिले.

याविरुद्ध पहिला आवाज ल्यूथरचा नव्हता. १४१२ साली प्रागमध्ये यान हुस यांनी, युद्धखर्चासाठी चाललेल्या क्षमापत्रांच्या विक्रीला विरोध केला. त्या विक्रीचा निषेध करणाऱ्या तीन तरुणांची मुंडकी उडवली गेली, आणि १४१५ मध्ये खुद्द हुस यांना कॉन्स्टन्स येथे जिवंत जाळले. शंभर वर्षांनी मार्टिन ल्यूथर यांनी ९५ प्रबंध मांडून विचारले, की पोपला आत्मे सोडवण्याचा अधिकार असेल तर प्रेमापोटी ते सगळे एकदम का सोडवत नाहीत? आणि इतक्या धनवान पोपने महामंदिर स्वतःच्या पैशाने का बांधू नये? या प्रश्नांना रोमपाशी उत्तर नव्हते. बहिष्कार होता. पुढे ल्यूथर यांनी तारण केवळ श्रद्धेने, केवळ देवाच्या कृपेने मिळते असे सांगितले. दुसरे प्रॉटेस्टंट सुधारक काल्व्हिन यांनी ते देवाच्या अनादि निवडीवर सोपवले. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने पुण्याच्या साठ्याची कल्पनाच मान्य केली नाही, तरीही त्यांच्या कुलगुरूंच्या नावाने पापविमोचनाची पत्रे निघतच राहिली.

रोमने काहीच सुधारले नाही, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये या व्यवहारातल्या नीच कमाईचा धिक्कार केला, आणि १५६७ मध्ये पाचवे पायस यांनी पैशाच्या बदल्यात दिलेल्या सवलती रद्द केल्या. १९६७ मध्ये सहावे पॉल यांनी शिक्षामाफीचे दिवस आणि वर्षे मोजणेही बंद केले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गमध्ये, फुगरच्याच गावात, कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चनी तारण कृपेने होते या मुद्द्यावर संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. चांगले झाले.

पण आमचा सवाल रोमला आहे तसा ल्यूथर यांच्या विटेनबर्गलाही आहे. या साऱ्या वादात पापी आहे, पुरोहित आहे, पोप आहे, देव आहे. ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस कुठे आहे? टेट्झेलचे पत्र घेणाऱ्याने ज्याला लुबाडले असेल, त्याला त्या पत्राने काय मिळाले? आणि केवळ श्रद्धेने नीतिमान ठरलेल्याने ज्याचे शेत हडपले, त्याला शेत परत मिळाले का? १५२५ मध्ये जर्मन शेतकरी न्याय मागायला उठले तेव्हा त्यांना कापून काढा, असे राजेरजवाड्यांना सांगणारे ल्यूथरच होते. अशा सवंग कृपेवर, शिष्यत्वाविना मिळणाऱ्या क्षमेवर, १९३७ साली डीट्रिख बॉनहोफर या ल्यूथरन पाळकानेच प्रहार केला, आणि हिटलरशी तडजोड न करता १९४५ मध्ये तो फासावर गेला.

शुभवर्तमानात तर हे लख्ख लिहिले आहे. जक्कय हा जकातदार येशूपुढे उभा राहतो आणि अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्यांना नाडले त्यांना चौपट परत, असे कबूल करतो. त्यानंतर येशू त्याच्या घरी तारण आल्याचे सांगतो. वेदीवर अर्पण आणलेस आणि भावाचे तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर, हाही त्याचाच आदेश. देवाकडे जाण्याचा रस्ता शेजाऱ्याच्या दारावरून जातो, यात संदिग्धता कुठे आहे?

हे अमलात आणणारा एक माणूस कॅथलिक चर्चमध्येच होऊन गेला. मेक्सिकोतल्या चियापासचे बिशप बार्तोलोमे दे लास कासास यांनी आपल्या पुरोहितांना हुकूम दिला, की ज्या स्पॅनिश वसाहतदारांनी आदिवासींना गुलाम केले आणि त्यांची जमीन, सोने, श्रम लुटले, त्यांना लुटीची भरपाई केल्याशिवाय पापमुक्ती देऊ नका, मरणशय्येवरही नाही. नरकाची भीती आता लुटारूंच्या छातीवर ठेवली गेली. वसाहतदार खवळले, बिशपला धमक्या आल्या, आणि १५४७ मध्ये ते स्पेनला परतले. पण पुरोहितांसाठीचे ते नियम त्यांनी १५५२ मध्ये सेव्हिल येथे छापले. तोच क्षमेचा खरा सिद्धांत आहे; परतफेडीचे कर्तव्य चर्चची शिकवणही मानते, पण व्यवहारात चर्चने ते बाजूला सारले!

ज्युबिलीचेही तेच केले. बायबलच्या लेवीय ग्रंथात पन्नासाव्या वर्षी गुलाम मुक्त करायचे होते आणि विकावी लागलेली वतनजमीन मूळ कुटुंबाला परत द्यायची होती. पोप आठवे बोनिफेस यांनी १३०० साली ज्युबिली सुरू केली तेव्हा जमीन गळाली. उरली रोमची यात्रा आणि शिक्षामाफी. २०२५ च्या ज्युबिलीत पोप फ्रान्सिस यांनी गरीब देशांची कर्जे माफ करण्याचे आवाहन केले, याबद्दल त्यांच्याविषयी आदर आहे. पण पूर्ण शिक्षामाफीच्या अटी काय होत्या? पापनिवेदन, पवित्र भोजन, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना, पापाची आसक्ती सोडणे. ज्याचे घेतले त्याचे परत द्या, ही अट त्या यादीत नव्हती.

आणि परतफेडीची वेळ येते तेव्हा काय होते, ते कॅनडात दिसले. तिथल्या निवासी शाळांमध्ये दीड लाखाहून जास्त आदिवासी मुले घरापासून तोडून डांबली गेली. बहुतांश शाळा कॅथलिक संस्था चालवत होत्या. २००६ च्या करारात या संस्थांनी वाचलेल्यांच्या उपचारांसाठी अडीच कोटी डॉलर उभारण्याचा कसून प्रयत्न करण्याचे मान्य केले. जमले चाळीस लाखांहूनही कमी, आणि २०१५ मध्ये त्या जबाबदारीतून त्यांची सुटका झाली. संताप उसळल्यावर २०२१ मध्ये बिशपांनी तीन कोटींचे वचन दिले, आणि २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी आल्बर्टात जाऊन त्या लोकांसमोर माफी मागितली. माफी समोर उभे राहून मागितली, हे मोठे पाऊल होते. १२ मार्च २००० रोजी दुसरे जॉन पॉल यांनी चर्चच्या पापांची क्षमा मागितली होती ती देवाकडे. १५६० पासून इन्क्विझिशन नावाच्या धर्मन्यायालयाने ज्या गोव्याला अडीचशे वर्षे छळले, त्याचे नावही त्यात नव्हते.

पुढची मोठी ज्युबिली २०३३ मध्ये, येशूच्या मरण आणि पुनरुत्थानाला दोन हजार वर्षे होतील तेव्हा अपेक्षित आहे. तोवर रोमने शिक्षामाफीच्या अटींत परतफेडीची अट घालावी, आणि ती सर्वांआधी स्वतःला लागू करावी. गोव्यासह जिथे जिथे चर्चच्या सत्तेने माणसे छळली, त्या ठिकाणांचा नावानिशी उल्लेख करून, त्या भूमीत उभे राहून माफी मागावी. पाळक आणि पुरोहितांच्या अत्याचाराला बळी पडलेल्यांना न्यायालयाच्या दारात न खेचता भरपाई द्यावी. आणि पैसे पाठवा, आशीर्वाद मिळेल, असे दूरचित्रवाणीवरून सांगणाऱ्या प्रॉटेस्टंट प्रचारकांना त्यांच्याच मंडळ्यांनी व्यासपीठावरून खाली उतरवावे; ल्यूथरच्या वारसांना टेट्झेलचा धंदा शोभत नाही.